आतड्यांतील पहारेकरी : मास्ट पेशींचा विकार आणि रुग्णाची दिनचर्या

म्हैसूर शहरात जयलक्ष्मीपुरम नावाची एक वस्ती आहे. तेथून जवळच, राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा प्रासादात, २१ ऑक्टोबर १९५० रोजी केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. धान्यास कीड लागू नये, फळे टिकावीत, गरीब मुलांना सकस अन्न स्वस्तात मिळावे, अशा प्रश्नांचा अभ्यास तेथे आजतागायत चालू आहे. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांसाठी योग्य अशी भुकटी तयार करण्याची पद्धत याच संस्थेने सिद्ध केली. परंतु अन्न निर्मळ व सकस असले म्हणजे सर्व काही साधले असे मात्र नाही. ते ज्या शरीरात जाते त्या शरीराने त्याचा स्वीकारही केला पाहिजे.

चार माणसे एका पंक्तीस बसून एकच अन्न जेवतात. तिघांना काहीच होत नाही. चौथ्याचा चेहरा अर्ध्या तासात लालबुंद होतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात, छाती धडधडते आणि क्वचित डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची माणसे म्हणतात, "काहीतरी बाधले." पुढे महिनाभराने तेच अन्न त्यास पचते, आणि नुसत्या उन्हातून आल्यावर तोच त्रास पुन्हा होतो. कोणी आम्लपित्त म्हणतो, कोणी आव म्हणतो, आणि शेवटी "हे सारे मनाचे खेळ" असे म्हणून रुग्णाची बोळवण होते. पुष्कळदा दुखणे साधेच असते. परंतु काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत दोष अन्नाचाही नसतो आणि मनाचाही नसतो. तो शरीरातील एका विशिष्ट पेशीचा असतो. त्या पेशीचे नाव मास्ट पेशी. तिचे स्वरूप व तिच्यामुळे होणाऱ्या विकाराशी जुळवून घेण्याची रीत या पाठात पाहावयाची आहे.

पेशींचा शोध

पॉल एर्लिख हे जर्मन शास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत असताना कृत्रिम रंगांनी शरीरातील ऊती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. काही पेशींमध्ये ठासून भरलेले कण त्यांना दिसले. रंग निळा वापरला तरी हे कण जांभळट दिसत. या पेशी भरपूर खाऊन पुष्ट झाल्या असाव्यात अशी कल्पना करून त्यांनी १८७८ च्या सुमारास त्यांना 'मास्ट' पेशी असे नाव दिले. जर्मन भाषेत या शब्दाने जनावरांस खाऊ घालून पुष्ट करण्याचा बोध होतो. कल्पना चुकीची ठरली, नाव मात्र टिकले.

त्या कणांत काय आहे हे कळण्यास बराच काळ लागला. हिस्टामीन हे द्रव्य शरीरात कोणते परिणाम घडविते याचा अभ्यास हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली प्रसिद्ध केला. ते मास्ट पेशींत साठविलेले असते हे मात्र जेम्स रायली व जेफ्री वेस्ट यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९५२-५३ मध्ये दाखवून दिले. दरम्यान १९४९ साली एलिस यांनी एका मृत बालकाच्या शवविच्छेदनात, त्वचेखेरीज शरीरातील इतर अवयवांतही या पेशींची बेसुमार वाढ झाल्याचे नोंदविले होते. तेव्हापासून हा केवळ त्वचेचा रोग नव्हे, हे निश्चित झाले.

पहारेकऱ्याचे कार्य

बाहेरच्या जगाशी शरीराचा जेथे जेथे संबंध येतो, तेथे तेथे मास्ट पेशी पहाऱ्यास उभ्या असतात : त्वचेत, श्वासमार्गात आणि विशेषेकरून जठर व आतड्यांच्या अस्तरात. आतड्यात जंत शिरले, अपायकारक पदार्थ आला, की त्या आपले कण बाहेर टाकतात. त्यांतील हिस्टामीनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व त्यांतून पाझर सुटतो, आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात आणि जठरात अम्ल अधिक स्रवते. शत्रूस धुऊन बाहेर काढण्याची ही योजना आहे. याखेरीज ट्रिप्टेज नावाचे एंझाइम आणि प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्रीन ही द्रव्येही या पेशी सोडतात.

हीच योजना शत्रू नसताना अमलात आली तर काय होईल? अम्ल वाढल्याने छातीत जळजळ होईल व कधी जठरव्रण होईल. स्नायू आवळल्याने कळा येतील. आतड्यात पाणी सुटून जुलाब होतील. द्रव्ये रक्तात मिसळली की चेहरा तापेल, अंगावर गांधी उठतील, रक्तदाब उतरेल. आतड्यातील मास्ट पेशी मज्जातंतूंच्या टोकांजवळ असतात. म्हणून भय, श्रम व जागरण यांनीही त्या चाळवल्या जातात. मनाचा संबंध येतो तो इतकाच. त्यावरून दुखणे काल्पनिक आहे असे ठरत नाही.

विकाराचे प्रकार

पहिल्या प्रकारात पेशींची संख्याच वाढते. यास मास्टोसायटोसिस म्हणतात. प्रौढ रुग्णांपैकी बहुतेकांत 'किट' नावाच्या जनुकात एक बदल झालेला असतो : त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ८१६ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने पेशीस वाढीची आज्ञा अखंड मिळत राहते. हा बदल बहुधा जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडतो. म्हणून हा रोग सहसा आईबापांकडून मुलांकडे जात नाही, आणि संसर्गाने तर मुळीच पसरत नाही. लहान मुलांत तो प्रायः त्वचेपुरता असतो व वयात येईपर्यंत बहुधा ओसरतो. प्रौढांत तो टिकून राहतो. परंतु त्याचा सौम्य प्रकारच अधिक आढळतो आणि त्यात आयुर्मान सर्वसामान्य माणसाइतकेच असते. तीव्र प्रकार थोडे; त्यांत आतड्यातून अन्नरसाचे शोषण नीट न होऊन वजन घटते.

दुसऱ्या प्रकारात संख्या वाढलेली नसते, पण पेशी क्षुल्लक कारणाने उद्दीपित होतात. याचे निदान करताना तीन गोष्टी पाहतात : त्रास एकाच वेळी दोन वा अधिक इंद्रियसंस्थांत होतो काय, त्या वेळी रक्तातील ट्रिप्टेज नेहमीपेक्षा ठरावीक प्रमाणात वाढते काय, आणि योग्य औषधाने तो शमतो काय. नुसते पोट बिघडणे या व्याख्येत बसत नाही. हे ध्यानात न ठेवल्यास ज्यांस हा विकार नाही असे अनेक जण तो आपणास आहे असे मानू लागतील.

निदान कसे होते

झटका आल्यापासून सुमारे चार तासांच्या आत रक्त तपासावयास द्यावे व प्रकृती पूर्ववत झाल्यावर पुन्हा द्यावे. दोन्हींची तुलना महत्त्वाची असते. झटका नसतानाही ट्रिप्टेजचे प्रमाण दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक राहिले तर मास्टोसायटोसिसची शंका बळावते व अस्थिमज्जेची तपासणी करतात. आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून पाहताना नेहमीच्या रंगाने या पेशी सहज नजरेतून सुटतात. त्यांस ओळखण्यासाठी खास रंजनपद्धती वापरावी लागते. तथापि निरोगी माणसाच्या आतड्यातही या पेशी बऱ्याच असतात. यास्तव केवळ त्यांची मोजदाद करून निदान होत नाही. त्या दाट पुंजक्यांनी आहेत काय व त्यांचे रूप बदलले आहे काय, हे पाहावे लागते.

आहार : वर्ज्य काय, अवर्ज्य काय

येथे रुग्णाची खरी कसोटी लागते. एकदा त्रास झाला की तो एक पदार्थ सोडतो, पुन्हा झाला की दुसरा. असे करता करता ताटात भात व मीठ एवढेच उरते, आणि मूळ रोगापेक्षा कुपोषणच त्याला अधिक खंगवते.

या बाबतीत म्हैसूर व बंगळूर येथील प्रौढांची एक पाहणी उद्बोधक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्य आढळलेल्यांचे प्रमाण २६.५ टक्के होते. परंतु अन्नाची ॲलर्जी खरोखर असण्याचा संभव असलेले केवळ १.२ टक्के होते. म्हणजे तपासणीच्या कागदावर एखाद्या पदार्थाचे नाव आले, एवढ्यावरून तो ताटातून काढावयाचा नसतो. तो खाऊन प्रत्यक्ष काय होते हेही पाहावे लागते.

अन्नातच हिस्टामीन तयार होते ती गोष्ट निराळी. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत हिस्टिडीन हे ॲमिनो अम्ल भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला की जंतू त्याचे हिस्टामीन बनवितात, आणि मग तो कितीही शिजविला तरी ते नष्ट होत नाही. माशांच्या काही पदार्थांत हिस्टामीन किलोमागे २०० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. असा मासा खाल्ल्यास निरोगी माणसासही मास्ट पेशींच्या झटक्यासारखाच त्रास होतो. भेद ओळखण्याची एक खूण आहे : पंक्तीतील अनेकांस एकदम त्रास झाला तर संशय अन्नावर घ्यावा, एकट्यासच आणि वारंवार, निरनिराळ्या निमित्तांनी होत असेल तर पेशींचा विचार करावा.

रुग्णाने ताजे अन्न खावे, मासळी बर्फात ठेवलेली घ्यावी, मद्य टाळावे आणि फार तिखट सोसत नसेल तर ते कमी करावे. आंबविलेले म्हणून इडली-डोसा, आंबट म्हणून टोमॅटो, असे सरसकट पदार्थ सर्व रुग्णांनी सोडावेत, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. उत्तम मार्ग म्हणजे एक वही ठेवणे. काय खाल्ले, किती वाजता, ऊन किती होते, झोप झाली होती काय, कोणते औषध घेतले होते, त्रास केव्हा व कसा झाला, हे तिच्यात रोज लिहावे. दोनतीन महिन्यांत जे निमित्त पुनःपुन्हा दिसेल तेवढेच वर्ज्य करावे.

औषधे

हिस्टामीनचा परिणाम पेशींवरील निरनिराळ्या ग्राहकांमार्फत होतो. खाज, गांधी व लाली यांसाठी एका वर्गाची प्रतिहिस्टामीन औषधे देतात. जठरातील अम्लासाठी दुसऱ्या वर्गाची. हा दुसरा वर्ग जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७० नंतर उपलब्ध झाला, व त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्यासाठी विशेष उपयोगी असे सोडियम क्रोमोग्लायकेट रॉजर अल्टून्यान यांच्या प्रयोगांतून १९६५ मध्ये हाती आले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते व औषधांची परीक्षा स्वतःवरच करीत. हे औषध तोंडाने घेतले असता रक्तात फारच थोडे शोषले जाते, म्हणून त्याचे कार्य आतड्यातच घडते. बदललेल्या 'किट' प्रथिनास आवर घालणारी औषधेही आता निघाली आहेत. मिडोस्टॉरिनला २०१७ मध्ये व ॲव्हाप्रिटिनिबला २०२१ मध्ये अमेरिकेत तीव्र प्रकारासाठी मान्यता मिळाली. ॲव्हाप्रिटिनिब २०२३ पासून सौम्य प्रकारासाठीही मान्य झाले. यांपैकी कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

नित्याची सावधगिरी

या विकारातील सर्वांत मोठा धोका पोटदुखीचा नसून ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे रक्तदाब एकाएकी कोसळून व श्वास कोंडून जीव धोक्यात येण्याचा आहे. गांधीलमाशी वा मधमाशीचा दंश, मॉर्फिन व कोडीन यांसारखी औषधे, काही वेदनाशामके, भूल देताना वापरलेली काही औषधे आणि क्ष-किरण चित्रणासाठी टोचलेली काही द्रव्ये ही त्याची निमित्ते होऊ शकतात. म्हणून रुग्णाने रोगाचे नाव व वर्ज्य औषधे लिहिलेले कार्ड खिशात बाळगावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वीसुद्धा, ते दाखवावे. आधी सूचना मिळाली तर डॉक्टर पूर्वतयारीने शस्त्रक्रिया सुखरूप पार पाडू शकतात.

ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा ॲनाफिलॅक्सिसवरील प्रथम उपाय होय. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत देतात. डॉक्टरांनी सांगितले असल्यास ते जवळ ठेवावे, आणि कसे द्यावयाचे हे घरातील एकाने तरी शिकून घ्यावे. रुग्णास उताणे निजवून पाय उंच करावेत. उभे करू नये. श्वासास त्रास होत असेल तर पाय पसरून बसवावे. इंजेक्शनाने बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे. हाडे ठिसूळ होण्याचा संभव असल्याने त्यांचीही वेळोवेळी तपासणी करवावी. फार ऊन, एकाएकी थंड पाण्याचे स्नान आणि झेपणार नाहीत असे श्रम टाळावेत.

समारोप

पहारेकऱ्याने उगाच आरोळी ठोकली म्हणून घरातील सामान रस्त्यावर फेकावयाचे नसते. आणि आरोळीकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. एकेक अन्न सोडत जाणारा रुग्ण पहिली चूक करतो. "मनाचे आहे" म्हणणारे आप्त दुसरी. नेमके निदान, नोंदवही, नियमित औषध आणि संकटकाळची तयारी या चार गोष्टी साधल्या तर या विकाराचे बहुतेक रुग्ण शाळा, नोकरी व संसार व्यवस्थित करू शकतात. शाळेत असा विद्यार्थी असल्यास शिक्षकांनी त्याचे कार्ड वाचून ठेवावे. पोट दुखते असे तो म्हणाला, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मास्ट पेशी आतड्यांच्या अस्तरात असण्यापासून शरीरास कोणता लाभ होतो?
२. बिघडलेल्या माशामुळे झालेला त्रास व मास्ट पेशींचा विकार यांतील भेद कसा ओळखाल?
३. २६.५ टक्के व १.२ टक्के या दोन आकड्यांतील अंतरावरून आहाराविषयी कोणता बोध घ्यावा?
४. आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्यास हा विकार असल्यास शाळेने कोणती तयारी ठेवावी?