गच्चीवरचा रेडिओ आणि अरुंद वाट

नारायणगावजवळच्या खोडद येथील ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी अनेकांनी विज्ञान दिनाच्या सहलीत पाहिली असेल. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना पाहून मुले हरखून जातात. आम्हांला मात्र, इतिहासाचे शिक्षक असूनही, वेगळेच कुतूहल वाटत आले : एवढ्या लहरी मध्यवर्ती इमारतीपर्यंत नेतात कशा?

पूर्वी तेथे एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपला जाई. आता 400 मेगाहर्ट्झचा टिपता येतो. त्यासाठी सेकंदाला किमान 80 कोटी नोंदी हव्यात. नोंदीला 8 बिट, प्रत्येक अँटेनाचे दोन प्रवाह आणि अँटेना 30 असे धरल्यास हिशेब 38,400 कोटी बिटांवर जातो, तोही दर सेकंदाला! म्हणून तरंग आकड्यांत न बदलता प्रकाशात गुंफून प्रकाशतंतूंतून आणतात. आकडे होतात ते मध्यवर्ती इमारतीत; तेथेच संगणक गुणाकार करून सरासरी काढतात आणि साठवायला त्या मानाने फारच थोडे उरते.

आमच्या गच्चीवर प्रकाशतंतू कुठले? आमच्याकडे आहे ती मूळची दूरचित्रवाणीसाठी केलेली, बोटभर लांबीची ‘आरटीएल-एसडीआर’ कांडी. ती एका वेळी सुमारे 2.4 मेगाहर्ट्झच टिपते. म्हणजे पुण्याची आकाशवाणी 101 वर आणि विद्यापीठाची विद्यावाणी 107.4 वर, ही दोन्ही एका खिडकीत मावत नाहीत. तरीही कांडीतून सेकंदाला 3 कोटी 84 लाख बिट वाहतात. गच्चीवर पोहोचणाऱ्या वाय-फायला यातला चौथा हिस्साही पेलवेना. पडद्यावरचे चित्र सारखे तुटू लागले.

मग वर्णपट काढण्याचे काम गच्चीवरच्या छोट्या संगणकाकडे दिले. 1,024 कप्प्यांची सरासरी सेकंदाला दहा वेळा, कप्प्याला एक बाइट. एवढेच खाली पाठवायचे. म्हणजे जेमतेम दहा हजार बाइट. चित्र संथपणे वाहू लागले आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

एका पहाटे 137 मेगाहर्ट्झच्या आसपास सरकत जाणारी रेघ उमटली, उपग्रहच असावा. नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्यात काय होतं ते ऐकवा ना.” ऐकवणार काय? सरासरीत कोणत्या कप्प्यात किती शक्ती होती ते उरले होते. मूळ तरंग गेले होते. जुन्या दप्तरांत वसुलीच्या बेरजा चोख सापडतात, राबणाऱ्यांची नावे सापडत नाहीत; ती लिहिणाऱ्याला लागत नव्हती. आम्हीही तसेच दप्तर लिहीत होतो.

आता गच्चीवरच्या संगणकाच्या स्मृतीत शेवटच्या 30 सेकंदांचे मूळ तरंग फिरते ठेवतो. त्यांना सुमारे साडेचौदा कोटी बाइट जागा लागते. एखाद्या कप्प्यातील शक्ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तेवढा तुकडा जतन होतो आणि रात्री सावकाश खाली उतरतो. मर्यादा आम्ही आधी फार वर ठेवली होती. क्षीण रेघा निसटत होत्या. ती किती खाली आणावी यावर वर्गात अजून वाद चालू आहे. त्या मुलीचे म्हणणे, निम्म्यावर आणावी.