पावट्याच्या शेतात नवे वर्ष

१ जानेवारी उजाडतो तेव्हा बेंगळुरूभोवतीच्या लहान शेतांतले जुने काम संपलेले नसते. नाचणी कापलेली असते, पण तिची गंजी मळणीसाठी थांबलेली असते. नाचणीबरोबर पेरलेला पावटा, कन्नडमधला अवरे, रानात अजून उभाच असतो. त्याचे जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, मग पेरणी कितीही लवकर करा.

गेल्या वर्षी मी मात्र ३१ डिसेंबरच्या रात्रीच संकल्पांची लांबलचक यादी केली होती. सकाळी शेतात गेलो. पाने दवाने भिजली होती. शेंग बोटांनी दाबायची, भरलेली असेल तरच तोडायची, चपटी तशीच सोडायची. एक टोपली भरायला तास लागला. परतल्यावर यादी पाहिली. बरेच संकल्प चपटेच होते!

यंदा पहिल्या सकाळी एवढेच करून पाहा. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी शाल पांघरून, फोन घरात ठेवून, दहा मिनिटे अंगणात किंवा गच्चीत शांत बसा. गेल्या वर्षातले काही अर्धवट आठवले तर आठवू द्या. त्याचीही मळणी व्हायची आहे. मग पावटे सोलायला घ्या. धुंधुरमासच चालू आहे, खिचडीत घालता येतील.