घट्ट-पातळ मोजायला घड्याळ कशाला?

प्रश्न : मुलीच्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ‘द्रवाची श्यानता काढणे’ असा प्रयोग आहे. काचेच्या नळीतून आधी पाणी सोडायचे, मग दुसरा द्रव, आणि दोन्ही वेळा स्टॉपवॉच लावायचे. द्रव किती घट्ट आहे हे त्याच्या वजनावरून कळत नाही का? घड्याळाचे काय काम?

उत्तर : जडपणा आणि श्यानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत बहुतेकांची होते. एरंडेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके. पण श्यानता पाण्याच्या शेकडो पट. उलट पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तरी त्याची श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो विरोध होतो, ती श्यानता. द्रव वाहू लागल्याशिवाय हा विरोध प्रकट होत नाही. म्हणून काटा बाजूला ठेवून घड्याळ घ्यायचे.

मुलीच्या हातातली इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी नळी म्हणजे ऑस्टवाल्डचा श्यानतामापी. तिच्या एका बाजूला छोटा फुगा असतो, त्याच्या वर आणि खाली एकेक खूण, आणि त्याखाली केसासारखी बारीक केशनलिका. द्रव वरच्या खुणेपलीकडे ओढून घ्यायचा आणि सोडायचा. पातळी वरच्या खुणेशी आली की घड्याळ सुरू, खालच्या खुणेशी आली की बंद.

मात्र द्रवाला खाली ढकलते ते त्याचेच वजन. जड द्रव स्वतःला जास्त जोराने रेटतो, म्हणून नुसता वेळ पुरत नाही. वेळेला घनतेने गुणावे लागते. समजा, २५ अंश सेल्सिअसला पाण्याला ६० सेकंद लागले आणि १.१ पट घनतेच्या द्रवाला ९० सेकंद. वेळ दीडपट, घनता १.१ पट, म्हणून श्यानता १.६५ पट. त्या तापमानाला पाण्याची श्यानता ०.८९ सेंटीपॉइज असते. म्हणजे या द्रवाची सुमारे १.४७.

पाण्याशी तुलना करण्यात मोठी सोय आहे. नळीची लांबी आणि त्रिज्या दोन्ही वेळा तीच असल्याने ती मोजावी लागत नाही. फ्रेंच वैद्य प्वाझय याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की बारीक नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून साबणाचा अंश किंवा धुळीचा कणही निष्कर्ष बिघडवतो. पिपेटने दोन्ही द्रव सारखेच घ्यायचे आणि नळी ओळंब्यात धरायची, तेही याचसाठी, की वाहण्याची परिस्थिती तीच राहावी.

मध किंवा ग्लिसरीन या नळीतून उतरायला फार वेळ घेईल. अशा द्रवांसाठी उंच जारमध्ये लहानशी गोळी सोडतात. थोड्याच अंतरात तिचा वेग स्थिर होतो. त्या वेगावरून स्टोक्सच्या नियमाने श्यानता काढता येते.

मुलीची वाचने एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी थर्मामीटर पाहायला सांगा. २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास पाण्याचीही श्यानता सुमारे एक पंचमांशाने घटते. तापमान स्थिर असूनही वेळ दर खेपेला वाढतच असेल, तर केशनलिका पुन्हा स्वच्छ करावी.