बाईंना काय द्यायचं?

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. त्यामुळे सप्टेंबर जवळ आला की मला ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. ‘तुला माहीत असेल, बाईंना काय द्यावं गं?’ जणू शिक्षिकेच्या पोटी जन्म घेणं ही या विषयातली पदवीच! मीही ती मिरवते, घसा खाकरून सल्ला देते. खरं म्हणजे मला एवढंच ठाऊक आहे, की दिलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं. देणाऱ्यांना ते दिसत नाही. मी त्या वस्तूंसोबत वाढले.

१. नाव कोरलेली भेटवस्तू ही घेणाऱ्यासाठी जन्मठेप असते. आपल्याला वाटतं, नाव घातलं की भेटीत आपुलकी आली. आमच्या घरी ‘आदरणीय बाईंना, दहावी अ’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली भिंतीवरची घड्याळं होती, सन्मानचिन्हं होती, आरतीची ताटंसुद्धा होती. नाव असल्यामुळे ती पुढे कुणाला देता यायची नाहीत आणि त्या बॅचमधलं कुणी कधी दारात उभं राहील याचा नेम नसल्यामुळे माळ्यावरही टाकता यायची नाहीत. एका खोलीत दोन घड्याळं, दोघांच्या वेळा वेगळ्या, आणि आई शाळेत निघायची ती रेडिओवरच्या बातम्या ऐकून. याउलट शाली. सत्काराची शाल थंडीला पुरत नाही आणि उन्हाळ्यात नकोशी होते, पण तिच्यावर कुणाचं नाव नसतं. आमच्या शाली बारशांना, साठीशांतींना, कुणाकुणाच्या सत्कारांना आनंदाने गावभर फिरल्या. नारळाची त्याच संध्याकाळी चटणी व्हायची. शाल आणि श्रीफळ ही जोडी ज्या कुणी ठरवली त्याला शिक्षकाच्या घरातल्या जागेचा अंदाज होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

२. ‘काही नको’ हे निम्मं तरी खरं मानावं. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची गोष्ट येते. शिक्षण संपल्यावर त्याने वरतंतू ऋषींना गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून विचारलं. गुरू म्हणाले, केलीस तेवढी सेवा पुरे. कौत्स ऐकेना, पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकवल्या, आण चौदा कोटी! लहानपणी हे गुरुजी मला भारी लोभी वाटायचे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आल्यापासून त्यांच्याविषयी मला सहानुभूती वाटू लागली आहे. ते चौदा कोटी निव्वळ वैतागातून आलेले आहेत. पुढची गोष्ट घराघरात माहीत आहे. कौत्स ज्याच्याकडे मागायला गेला तो, विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून बसलेला रघू राजा, कुबेरावर चाल करून जायची त्याची तयारी, त्याआधीच कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस. आपल्याकडच्या कथेत तो आपट्याच्या झाडावर पडतो. कौत्साने ठरल्यापेक्षा एक नाणं जास्त घेतलं नाही, आणि उरलेलं सोनं लोकांनी लुटलं. म्हणजे दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातावर जे ठेवतो ती एका गुरुदक्षिणेतली उरलेली मोड आहे. नको म्हणण्याची देखणी रीत मात्र राधाकृष्णनांची. विद्यार्थ्यांनी वाढदिवस साजरा करायची परवानगी मागितली तेव्हा तो दिवस सगळ्या शिक्षकांचा म्हणून पाळा, असं त्यांनी सुचवलं आणि १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला. कौत्साच्या गुरूंना हे सुचलं असतं तर आपट्याची झाडं तेवढी वाचली असती.

३. तीच वस्तू निकालाआधी वेगळी असते आणि निकालानंतर वेगळी. आईचा नियम होता, वर्गात बसणाऱ्या मुलाकडून फूल आणि तिळगूळ, बस्स. मूल शाळेबाहेर पडलं की मग बघू. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतही भेटींवर बंधनं आहेत, पण आईने ते कधी उघडून पाहिले असतील असं वाटत नाही. सहामाहीच्या गठ्ठ्यात त्या मुलाचा पेपर हाताला लागला की साडीचा काठ आठवू नये, एवढंच तिचं म्हणणं. मला हे फार सोवळं वाटायचं. मग माझी मुलगी शाळेत गेली आणि मी मोजणीच्या दुसऱ्या बाजूला आले.

ग्रुपवर कुणीतरी घरटी पाचशे रुपये सुचवले. बाईंना चांदीचं निरांजन. धडाधड अंगठे उमटले. माझाही त्यात होता, शिवाय उत्साहाच्या भरात नमस्काराचे दोन हात. काही घरांकडून मात्र काहीच आलं नाही. त्यातली एक आई दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, दोनशे दिले तर चालतील का? आमचं नाव कार्डावर सगळ्यात खाली घाला.’ नावं रकमेच्या क्रमाने येणार असं कुणीच म्हटलं नव्हतं. ती ते धरूनच चालली होती. ग्रुपवरच्या शांततेला मी तोवर आळस समजत होते. आता आमच्या वर्गात रक्कम ठरत नाही. एक बंद पाकीट फिरतं, ज्याला जे जमेल ते तो टाकतो, कार्डावर झाडून सगळ्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने येतात. अशा पाकिटातून निरांजन निघत नाही, मोगऱ्याचं रोप निघतं. ग्रुपवर मला हट्टी समजतात आणि ते काही खोटं नाही.

४. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, या एका रीतीने आईची बरीच नैतिक संकटं सोडवली. कारण तिच्या नियमाला एक पळवाट होती आणि ती स्वयंपाकघरातून जायची. गुऱ्हाळं सुरू झाली की कुणाचे तरी वडील काकवीची बरणी घेऊन यायचे, कुणी पावट्याच्या शेंगा, कुणी मेथीच्या जुड्या. ‘घरचंच हाय, बाई.’ याला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या रानालाच नाही म्हणणं. आई ठेवून घ्यायची. आठ दिवसांत ती बरणी लिंबाच्या लोणच्याने भरून परत जायची, पिशवीत शंभर पानी वही असायची, आणि सहामाहीच्या आत हिशेब चुकता. विकत आणलेल्या भेटीला असा परतीचा रस्ता नसतो. चांदीच्या निरांजनाच्या बदल्यात बाई काय पाठवणार?

एक व्यावहारिक गोष्ट जाता जाता. खायची वस्तू संपते म्हणून उत्तम खरी, पण आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली, तरी पेढ्यांचे बॉक्स थांबलेले नाहीत. शेजारची मुलं खूश आहेत.

५. बाईंना काय लागतं हे पालकांना कळत नाही, मुलांना कळतं. मुलं रोज पाच-सहा तास त्या माणसाकडे बघत बसलेली असतात; इतकं बारकाईने तर घरचेही बघत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही मुलांनाच विचारलं. उत्तरं अशी आली: बाईंचा डस्टर झडलाय. चौथ्या तासाला बाईंचा आवाज बसतो. बाई पाणी पीत नाहीत, कारण पाणी खाली आहे आणि जिना चढताना त्या गुडघा धरतात. बाईंकडे खूप पेनं आहेत, पण त्या लालच वापरतात. आम्ही मोठी माणसं तोवर कानातली की पर्स यावर मतदान घेत होतो. एक मुलगा म्हणाला, आम्ही गप्प बसलो की बाईंना सगळ्यात जास्त आवडतं. ते दुकानात मिळत नसल्यामुळे पालकांनी थर्मास घेतला, सोबत ज्येष्ठमध आणि खडीसाखर. डस्टर मुलांनी स्वतः आणला.

६. गणिताच्या, विज्ञानाच्या, इंग्रजीच्या शिक्षकांच्या टेबलावर शिक्षक दिनाला ढीग लागतो. चित्रकलेचे सर मोकळ्या टेबलावर डबा खातात. आणि घंटा देणाऱ्या, पोट दुखलं की ओवा देणाऱ्या मावशींना तर टेबलच नसतं.

७. पत्र लिहा, असं सगळे सांगतात. त्यात काय लिहायचं ते कुणी सांगत नाही. आईकडे अशा पत्रांची फाइल आहे. आपण दिव्यासारख्या जळलात, आपण शिल्पकार, आम्ही मातीचे गोळे. मराठीच्या बाई त्या, पत्रही लाल पेन हातात घेऊनच वाचायच्या. ‘आशिर्वाद’ दिसला की शि खाली रेघ. एका कृतज्ञतेच्या पत्राला तिने दहापैकी सहा दिलेले मी पाहिले आहेत.

पण आल्यागेल्याला ती वाचून दाखवते ते पत्र तक्रारीचं आहे. तिचा जुना विद्यार्थी, आता एसटीत कंडक्टर. त्याने लिहिलं होतं, की पानिपतच्या धड्याला तुम्ही मला फळ्यावर नकाशा काढायला बोलावलंत. मी पानिपत नर्मदेच्या खाली दाखवलं. वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मला ते लागलं. मग त्या वर्षी मी नकाशे काढूनच वही भरली, आणि आज माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला कुठलंही गाव कुठे आहे ते मी सांगू शकतो. तरी तुम्ही हसायला नको होतं. आईला तो प्रसंग आठवतही नव्हता. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, मग तिने त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. या पत्रात एकही ‘ऋण’ नाही, एकही दिवा नाही. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत आणि कुठेही लाल रेघ नाही.

हे सगळं पाहिलेली मी, माझ्या गणिताच्या बाईंना लिहायला बसले तर लेखणीतून काय उतरावं? ‘आपल्या ज्ञानदीपाच्या प्रकाशात...’ खोडत खोडत शेवटी उरलं ते इतकंच, की तुम्ही चुकलेल्या पायरीवर काट मारत नव्हतात. तिच्याभोवती गोल करायचात आणि त्या चुकीतून पुढे जे बरोबर सोडवलेलं असायचं त्याचे गुण द्यायचात. एवढं पोस्टकार्डावर मावलं.

८. आभार मानायला आपण मोठं व्हायची वाट बघतो. फ्रेंच लेखक काम्यूने १९५७ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर अल्जियर्समधल्या आपल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांना, लुई जर्मेन यांना, पत्र लिहिलं. घरात दारिद्र्य, आई निरक्षर. या मास्तरांनी शिष्यवृत्तीसाठी तयार केलं नसतं तर पोराची शाळा तिथेच सुटायची. मास्तर हयात होते, त्यांनी पुढे उत्तरही लिहिलं. तेत्सुको कुरोयानागींच्या वाट्याला ते आलं नाही. त्यांचं शाळेच्या आठवणींचं ‘तोत्तोचान’ आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी वाचलेलं आहे. मोठी झाल्यावर याच शाळेत शिकवायला येईन, असं त्या चिमुरडीने मुख्याध्यापक कोबायाशींना कबूल केलं होतं. शाळा १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाली, कोबायाशी १९६३ मध्ये गेले आणि पुस्तक आलं १९८१ मध्ये. नोबेल मिळेपर्यंत थांबायचं माझ्या बाबतीत तर अजिबातच परवडणारं नव्हतं, म्हणून ते पोस्टकार्ड मी त्याच आठवड्यात टाकलं. बाईंचा फोन आला. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. कुठल्या बाकावर बसायचीस, विचारत होत्या.

९. हिशेब मांडायला बसलं तर देणं कुठल्या बाजूचं जास्त निघेल याचा नेम नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. हजेरीपटाने पाहिलं तर केळुसकर त्यांचे शिक्षकही नव्हते. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत, भीमराव एल्फिन्स्टनचे. ओळख झाली चर्नी रोडच्या बागेत, वाचत बसलेल्या मुलाशी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या पुस्तकाची आठवण नोंदवली आहे. मला वाटतं, शिक्षक दिनाच्या आधी दुकानात उभं राहून ‘एवढ्यात बसणारं काहीतरी दाखवा’ म्हणताना ही गोष्ट डोक्यात असेल तर माणूस फार ताण घेणार नाही. फिटण्यातलं नाहीच ते.

१०. सरळ विचारलं तर शिक्षक सरळ उत्तर देतात. आई निवृत्त झाल्यावर मी तिला विचारलं, इतक्या वर्षांत तुला खरंच काय मिळायला हवं होतं? मला वाटलं, ती काहीतरी भारदस्त बोलेल आणि मला पुढच्या फोनवर ते ऐकवता येईल.

‘ऑफ तास,’ ती म्हणाली. ‘शनिवारी सकाळच्या शाळेत, तिसरा. कुणीतरी दारात येऊन म्हणायला हवं होतं, बाई, तुम्ही जा, वर्ग मी घेते.’

‘आणि त्या तासात तू काय केलं असतंस?’

‘पेपर तपासले असते.’