चारशे वॅटचा आवाज

(हौशी रेडिओ हा जगभर चालणारा छंद आहे. या छंदात जास्त शक्तीचे यंत्र वापरताना लेखकाला आलेले अनुभव या पाठात सांगितले आहेत.)

शाळेतून घरी आलो, की मी चहा घेतो आणि गच्चीवरच्या लहान खोलीत जातो. तेथे माझा रेडिओ आहे. हा रेडिओ नुसता ऐकायचा नाही, त्यावर बोलताही येते. श्रीलंका, इराण, जपान अशा देशांतील लोकांशी मी तेथे बसून बोलतो. मध्ये टेलिफोनची तार नसते. या छंदाला 'हौशी रेडिओ' म्हणतात आणि तो जोपासणाऱ्याला 'हॅम' म्हणतात. माझी अम्मी मात्र याला 'शौक' म्हणते आणि वीजबिल आले, की 'वेड' म्हणते. हॅम होण्यासाठी परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते.

माझा रेडिओ १०० वॅटचा आहे. जुन्या काळच्या पिवळ्या बल्बला लागते, तेवढीच ही शक्ती. तरीही त्याच्या लहरी उंच आकाशात आयनांबरापर्यंत जातात आणि तेथून पुन्हा जमिनीकडे वळतात. म्हणून माझा आवाज हजारो किलोमीटर दूर पोहोचतो. पण कधी कधी खूप लोक एकाच वेळी बोलत असतात. मग बाजारातल्या गर्दीत लहान मुलाची हाक हरवते, तसे माझे होते. माझ्या परवान्यात ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरण्याची मुभा आहे. मला वाटले, मग आपण १०० वरच का थांबावे?

आमच्या गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते माझे उस्ताद. त्यांच्याकडे एक जुना ॲम्प्लिफायर पडून होता. ॲम्प्लिफायर म्हणजे लहान शक्ती मोठी करणारे यंत्र. त्यात '८११-ए' जातीचे काचेचे दोन व्हॉल्व्ह होते. बटण दाबले, की ते दिव्यासारखे उजळत. या व्हॉल्व्हना सुमारे १५०० व्होल्ट विद्युतदाब लागतो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. आता हिशेब तुम्हीच करा.

एका रविवारी तो ॲम्प्लिफायर अचानक बंद पडला. मी बटण बंद केले, प्लगही काढला आणि वरचे झाकण उघडले. आत एक तार सुटलेली दिसली. मी हात पुढे केला.

"हात मागे घे!" उस्ताद इतक्या जोरात ओरडले, की मी दचकून मागे सरलो.

त्यांनी भिंतीवरची एक कोरडी लाकडी काठी काढली. काठीच्या टोकाला पितळेचा आकडा होता. आकड्याला जाड तार जोडलेली होती. त्या तारेचे दुसरे टोक त्यांनी यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला पक्के बांधले. मग काठी लांबून धरून आकडा कपॅसिटरला टेकवला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. आकड्याचे टोक काळे पडले.

"प्लग काढला होता, उस्ताद," मी कसाबसा म्हणालो.

"प्लग भिंतीतून निघाला, बेटा. वीज आतच होती."

माठात पाणी साठते, तसा कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठतो. नळ बंद केला म्हणून माठ रिकामा होत नाही. म्हणून अशा यंत्रात एक रोधक बसवलेला असतो. यंत्र बंद केल्यावर तो हा भार हळूहळू वाहून नेतो. जणू माठाच्या तळाचे बारीक छिद्रच. आमच्या यंत्रातील रोधक जळून गेला होता. छिद्र बुजले होते आणि माठ काठोकाठ भरलेला होता. त्या तारेला माझे बोट लागले असते, तर हा पाठ लिहायला मी राहिलो नसतो.

उस्तादांनी पाणी मागितले. त्यांचाही हात थरथरत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अशा यंत्रात मोजमाप घेताना एकच हात पुढे करायचा. दुसरा खिशात." कारण वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर पडली, तर वाटेत हृदय असते.

रोधक बदलून यंत्र पुन्हा सुरू झाले. त्या संध्याकाळी मी जपानमधील एका हॅमशी बोललो. १०० वॅटवर त्याच्या मीटरचा काटा ६ वर होता. मी ४०० वॅट केले. काटा ७ वर गेला! चौपट शक्ती आणि फक्त एक अंक? मी हिरमुसलो. पण त्या मीटरची रचनाच तशी असते. काटा एक अंक पुढे सरकायला शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे ८ साठी मला १६०० वॅट लागले असते.

नंतर मी गच्चीवर बांबू उभे करून माझी दहा मीटर लांबीची तारेची अँटेना उंच नेली. आधी ती कठड्याजवळ लोंबत होती. आकाशाची स्थिती रोज बदलते, म्हणून मी आठवडाभर मापे घेतली. ॲम्प्लिफायर बंद असतानाही माझा आवाज पूर्वीपेक्षा चांगला पोहोचत होता. शिवाय पूर्वी मला ऐकूच न येणारी केंद्रेही ऐकू येऊ लागली. ॲम्प्लिफायर तोंड मोठे करतो, कान नाही. ज्याचा आवाज फार मोठा, पण ज्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, अशा हॅमला बाकीचे हॅम गमतीने 'मगर' म्हणतात.

आणखी एक गंमत सांगतो. ४०० वॅटवर बोलू लागलो, की शेजारच्या काकूंच्या टीव्हीच्या स्पीकरमधून बदकासारखा आवाज येई. त्यांना वाटले, स्पीकर बिघडला. मी जाऊन खरे कारण सांगितले आणि स्पीकरच्या तारेवर फेराइटचे कडे बसवून दिले. बदक गप्प झाले. काकूंनी मला पोहे खाऊ घातले.

उस्ताद आता नाहीत. ती काठी माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. परवा रात्री फार क्षीण आवाजात कोणीतरी हाक देत होते. त्याचा रेडिओ फक्त ५ वॅटचा होता, हे नंतर कळले. मी पंखा बंद केला, हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि त्याचे नाव लिहून घेण्यासाठी वही पुढे ओढली.