मोटारखान्यांतील आगगाडी

खेळण्यांतील आगगाडी जमिनीवर फिरवून रात्रीं पेटींत भरून ठेवणें निराळें, आणि स्थानक, पूल, डोंगर यांसह तिचा कायमचा मार्ग घरीं उभारणें निराळें. पहिल्यांत केवळ करमणूक आहे. दुसऱ्यांत करमणुकीबरोबर शिक्षणही आहे. जर्मनींतील मार्क्लिन कारखान्यानें १८९१ सालीं ठरावीक मापांच्या रुळांची पद्धति लाइप्झिगच्या जत्रेंत मांडली. इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यांच्या आगगाड्या १९२० सालीं विक्रीस आल्या. पुढें पाश्चात्य देशांत घराचा माळा, तळघर आणि मोटारखाना हीं या छंदाचीं आवडतीं ठिकाणें झालीं. परंतु आरंभ झालेले अनेक मार्ग अर्धवटच राहतात, आणि पालकांचा पैसा व मुलांचा उत्साह दोन्ही वायां जातात. याचें मुख्य कारण हौस कमी पडते हें नसून, आरंभीं गणित केलेलें नसतें हें होय. तें गणित आपण येथें करून पाहूं.

आज सर्वाधिक प्रचारांत असलेलें प्रमाण ८७ स १ हें आहे. म्हणजे खरी वस्तु ८७ सेंटिमीटर असेल तर तिची प्रतिकृति १ सेंटिमीटर. या प्रमाणाचे रूळ परस्परांपासून १६.५ मिलिमीटर दूर असतात. त्यास ८७ नें गुणिलें असतां १४३५ मिलिमीटर येतात, आणि तेंच युरोपांतील प्रमाणभूत रुळांचें अंतर आहे. आपल्या देशांतील रुंद मार्गाचें अंतर १६७६ मिलिमीटर असल्यामुळें त्यास सुमारें १९.३ मिलिमीटरांचा रूळ हवा. तेव्हां आपल्या गाडीची प्रतिकृति बाजारच्या रुळावर ठेवली कीं रूळ किंचित् अरुंद दिसतो, यांत नवल नाहीं.

आतां जागा मोजूं. मोटारखाना १६ फूट लांब व ८ फूट रुंद आहे असें धरूं. १६ फूट म्हणजे सुमारें ४.८८ मीटर. यास ८७ नें गुणिलें तर ४२४ मीटर होतात. चोवीस मीटर लांबीचे चोवीस डबे जोडलेली गाडी ५७६ मीटर भरते. म्हणजे ती गाडी या मोटारखान्यांत सरळ उभीही राहणार नाहीं! पांच डबे आणि एंजिन मिळून मात्र सुमारें १.६ मीटर लागतात. तितकी गाडी येथें शोभते. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी या प्रमाणांत सेकंदास सुमारें २५ सेंटिमीटर चालते. याहून पुष्कळ वेगानें पळविलेली गाडी खेळणेंच दिसते.

वळणाची अडचण याहून मोठी आहे. ४६ सेंटिमीटर त्रिज्येचें वळण ८७ पट केलें तर ४० मीटरच होतें. खऱ्या मुख्य मार्गाचीं वळणें शेंकडों मीटर त्रिज्येचीं असतात. म्हणून लहान जागेसाठीं डोंगरी मार्ग निवडणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. १९०७ सालीं सुरू झालेला नेरळ-माथेरान मार्ग पाहा. त्याचे रूळ अवघे दोन फूट अंतराचे असून तीव्र वळणांची त्रिज्या सुमारें १८ मीटर आहे. ८७ स १ या प्रमाणांत ती २१ सेंटिमीटर होते. येथें वळण खोटें करावें लागत नाहीं. तथापि वीस किलोमीटरांचा हा मार्ग सबंध करूं म्हटलें तर २३० मीटर जागा लागेल. म्हणून एक वळण, एक पूल व एक स्थानक निवडून बाकीचें सोडून दिलें पाहिजे. काय सोडावें हें ठरविणें, हाच या कामाचा खरा आरंभ.

चढाचेंही तसेंच. एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यास सुमारें ८ सेंटिमीटर उंची लागते. ४० स १ हा चढ धरला तर त्यासाठीं ३.२ मीटर लांबी हवी, आणि उतरण्यास पुन्हां तितकीच. भोर घाटांत १८६३ सालीं सुरू झालेल्या मार्गाचा तीव्र चढ ३७ स १ होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या अभियंत्यांपुढील अडचणीची कल्पना आपल्या मोटारखान्यांतच येते.

विजेविषयीं एक इशारा. साध्या पद्धतींत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. मार्ग वाटोळा फिरून स्वतःसच उलट दिशेनें येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्यास भिडतो व प्रवाह आडवाटेनें वाहतो. विद्यार्थ्यांनीं कागदावर दोन रूळ दोन रंगांच्या पेन्सिलींनीं काढून पाहावे. रंग कोठें भिडतात तें तत्काळ दिसेल. तेथें दोन्ही रुळांत खांचा पाडून त्या भागास निराळें बटण द्यावें लागतें. गाडीस १२ व्होल्ट पुरतात. परंतु घरच्या विजेशीं जोडणी मोठ्या माणसांनींच करावी.

कामाचा क्रम असा असावा: प्रथम छप्पर गळतें काय तें पाहणें, कारण पावसाळ्यांत लांकूड फुगतें व रूळ वांकतात, नंतर कागदावर आराखडा, मग कमरेपेक्षां थोडें उंच टेबल, परंतु हात पोंचेल इतकेंच, म्हणजे ७५ सेंटिमीटरपर्यंत रुंद, मग रूळ व वीज, आणि गाडी महिनाभर न घसरतां धांवली म्हणजेच डोंगर व झाडें.

ज्यांच्या घरीं मोटारखाना नाहीं अशीं मुलें-मुली पुष्कळ आहेत. त्यांनीं चार-पांच मित्र मिळवून एका लांब फळीवर एकच स्थानक उभारावें. गणित तेंच आहे. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, एंजिन विकत आणण्यापूर्वीं मुलाकडून आराखडा मागावा, आणि त्यांतील एक तरी माप आपण स्वतः ताडून पाहावें.