उजव्या वळणावरची कटकट

दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन मी दिल्लीला मामाकडे गेलो होतो. एका दुपारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात जेवून आम्ही निघालो. मामाने पार्किंगमधून गाडी उजवीकडे वळवली आणि पुढच्या चाकांकडून कट-कट-कट असा आवाज आला. गाडी सरळ झाल्यावर तो थांबला.

"महिना झाला," मामा म्हणाला. "एका वर्कशॉपने शॉकअपचं माउंटिंग बदललं. पैसे गेले, कटकट तशीच आहे."

दोन दिवसांनी याच गाडीने आजीला हरिद्वारला न्यायचे होते, म्हणजे एका बाजूने दोनशेहून अधिक किलोमीटर.

मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून टायर पाहिले तर एका खाचेत खडी अडकलेली. किल्लीने ती काढली आणि "मामा, झालं काम!" असे जाहीर केले. इंडिया गेटपर्यंत रस्ता सरळ, आवाज नाही. मी ऐटीत बसलो. मग सी-हेक्सागनचा मोठा गोल आला. तिथे गाड्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणजे स्टिअरिंग सतत थोडे उजवीकडे असते. आवाज परत आला, बारीक पण स्पष्ट. आवाज जिथे कधी येतच नव्हता, नेमकी तिथेच मी परीक्षा घेतली होती! "काय कॅडेटसाहेब?" एवढेच मामा म्हणाला.

संध्याकाळी कॉलनीतल्या मोकळ्या पार्किंगमध्ये आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलून. गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवले, तर शांत. माउंटिंग खराब असते तर बहुधा इथेच कुरकुर झाली असती, आणि ही एक मिनिटाची तपासणी वर्कशॉपने केली नव्हती. गतिरोधकावरून सरळ गेलो, खडखड नाही. डावीकडे पूर्ण वळवून फेरी मारली, काही नाही. उजवीकडे पूर्ण वळवताच कटकट सुरू, आणि गोलावर होती त्यापेक्षा कितीतरी मोठी. मामाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती मंद होई. म्हणजे वळणाचा कोन वाढला की आवाज वाढतो आणि इंजिनाचा जोर कमी झाला की तो घटतो.

मग मी आवाज मोजले. या टायरचा परीघ सुमारे 1.77 मीटर. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 2.78 मीटर, म्हणून चाक 10 सेकंदांत जवळजवळ 16 वेळा फिरते. मला एकदा 15 आणि एकदा 16 आवाज मिळाले. चाकाच्या दर फेरीला एक ठोका.

आता चाक कोणते? इथे परेड ग्राउंड उपयोगी पडले. "दाहिने घूम" म्हटल्यावर आतला कॅडेट जवळजवळ जागेवर कदमताल करतो आणि डाव्या टोकाचा लांब पावले टाकत राहतो. गाडीचेही डावे चाक उजव्या वळणावर बाहेर असते आणि वजनही त्याच्यावर झुकते. म्हणून संशय डाव्या चाकाजवळच्या सीव्ही जॉइंटवर गेला.

हा जॉइंट का लागतो, हे सांगायला हवे. अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीत इंजिन मागची चाके फिरवायचे आणि पुढची फक्त वळायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तिच्यात पुढच्याच चाकांनी ओढायचे आणि वळायचेही. वाकलेल्या कोनातून फिरणारा दांडा जोडायला साधा युनिव्हर्सल जॉइंट लावला, तर दर फेरीत चाकाचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन 30 अंश असेल तर वेग cos 30 पट, म्हणजे 0.866 पटीपासून 1.155 पटीपर्यंत हलतो. (दहावीची त्रिकोणमिती गाडीखाली भेटेल असे वाटले नव्हते.) फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड र्झेपा यांनी 1920च्या दशकात यावर सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट काढला. गोळ्या वक्र खाचांत सरकतात आणि दोन्ही दांड्यांमधला कोन नेहमी बरोबर निम्मा करणाऱ्या पातळीत राहतात, त्यामुळे वेग एकसारखा मिळतो. त्यांना हवे असते फक्त ग्रीस. ते सांभाळणारे रबराचे बूट फाटले की ग्रीस बाहेर उडते, धूळ-पाणी आत जाते आणि खाचांना खड्डे पडतात. त्या खड्ड्यातून गोळी गेली की कट.

स्टिअरिंग उजवीकडे वळवून डाव्या चाकाच्या मागच्या फटीतून टॉर्च मारला. बुटाला बोटभर चीर होती आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा. असा जॉइंट तुटला तर स्टिअरिंग आणि ब्रेक शाबूत राहतात, पण इंजिनाचा जोर चाकांना मिळत नाही. भर हायवेवर ट्रकांच्या मधोमध गाडी तशी मंदावली तर? आजीला आम्ही काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी कश्मीरी गेटच्या बाजारातून जॉइंट आणला आणि मामाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी चाक जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल केला. गाडी उचलल्यावर चाक फिरते, मग तो नट सुटत नाही. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला आणि हातोडीच्या ठोक्याने जुना जॉइंट दांड्यावरून उतरवला. मी नव्या-जुन्याचे दाते मोजून जुळवले. बूट आधी दांड्यावर चढवायचे, मागाहून जॉइंट; हा क्रम चुकला की सगळे परत उतरवावे लागते. सर्कलिप बसल्याचा टक आवाज आला, तरी त्यांनी ओढून खात्री केली. पाकिटातले सगळे ग्रीस भरले, क्लॅम्प आवळले, नवा नट टॉर्क रेंचने कसला आणि त्याची कडा खाचेत ठोकून पक्की केली. उजव्या बुटालाही बारीक भेगा होत्या. तिथला जॉइंट चांगला होता, म्हणून फक्त बूट बदलले.

संध्याकाळी त्याच पार्किंगमध्ये मामाने पूर्ण उजवीकडे वळवून पाच फेऱ्या मारल्या. वॉचमन आमच्याकडे बघत उभा राहिला. मी काच खाली करून कान बाहेर काढला होता. फक्त टायरखालची वाळू ऐकू येत होती. हरिद्वारला जाताना आजी मागच्या सीटवर मोदीनगरपर्यंत झोपली होती.

जुना जॉइंट मी रॉकेलमध्ये धुऊन हॉस्टेलवर आणला आहे. पाच खाचा गुळगुळीत आहेत. सहावीत नख अडकते.